रीडमी लिहायचीय? आधी पंपाची चिठ्ठी लिहून बघा

मी गुहागरला घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, पण डॉक्युमेंटेशन (रीडमी म्हणजे त्यातलीच, सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते सांगणारी फाइल) लिहायला शिकलो ते विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपामुळे. एप्रिलात आठ दिवस पुण्याला जायचं होतं, पोफळींचं शिंपणं शेजारच्या काकांवर सोपवलं आणि चिठ्ठी चिकटवली: १. हिरवं बटण दाबा. २. पाणी आलं नाही तर प्राइमिंग करा. ३. फुटव्हॉल्व्ह तपासा. सगळ्यात खाली टीप, पंप कोरडा चालवू नये.

काकांनी बटण दाबलं, प्राइमिंग म्हणजे काय (चालू करण्याआधी पंपात पाणी भरणं) ते शोधत बसले आणि टीपेपर्यंत पोचेस्तोवर सील जळलं (ते पाण्यावरच थंड राहतं ना). "अरे, तू लिहिलंस तसंच केलं मी, वरून खाली." बरोबरच होतं त्यांचं.

तर धोक्याची सूचना त्या स्टेपच्या आधी लिहा, नंतर नाही. नवी चिठ्ठी अशी: पंपावरचं बूच काढा, तोंडापर्यंत पाणी भरा, बूच घट्ट लावा, मग हिरवं बटण. १ मिनिटात पाटात पाणी पडलं नाही तर लाल बटण. 'थोड्या वेळात' असं लिहू नका, ते म्हणजे आमच्याकडे रस्ता विचारल्यावर "हे काय, पुढे आलंच" म्हणतात तसं, आणि पुढे अजून दोन घाट्या असतात. शब्दही वाचणाऱ्याचे घ्या, इकडे फुटव्हॉल्व्हला (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) सगळे फुटबॉल म्हणतात तर तेच लिहायचं.

रीडमीतही हेच. कमांड कुठल्या फोल्डरमधे चालवायची, चालली की स्क्रीनवर काय दिसतं, हे दोन्ही लिहा. एरर मेसेज जसाच्या तसा कॉपी करा, कारण लोक तोच सर्चमधे टाकतात. बटणावर 'सेव्ह' असेल तर 'सबमिट' लिहू नका. 'फक्त एवढंच करा', 'सोपं आहे' हे तर उडवाच, अडकलेल्या माणसाला त्याने नुसता राग येतो.

मग लिहिलेलं एखाद्या नव्या माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा, हे सगळ्यात अवघड, जीभ सारखी वळवळते. तो जिथे थांबेल तिथे तुमचं वाक्य चुकलंय. काकांना नवी चिठ्ठी दिली तर ते शेवटी म्हणाले, "मधेच लाइट गेली तर?" माझ्या डोक्यातच नव्हतं. लाइट आली तरी स्टार्टर आपोआप सुरू होत नाही, आणि फुटबॉल गळका असेल तर तोवर पंपाने पाणी सोडलेलं असतं, म्हणजे परत बूच काढण्यापासून सुरुवात. ती ओळ आता चिठ्ठीत सातवी आहे.