शेजारी देशासोबत अणुसुरक्षेचं जमवायचं कसं, सुरुवात कुठून करायची

आधी क्लिअर करतो, इथे सुरक्षा म्हणजे चोरी, घुसखोरी, घातपात आणि किरणोत्सारी माल भलत्याच हातात जाणं, अणुभट्टीतल्या अपघाताचा विषय वेगळा. माझं मत असं की दोन देशांमधे आधी विश्वास आणि मग काम असं कधीच होत नाही, आधी एखादं छोटं रटाळ काम ठरवायचं आणि भांडण झालं तरी ते सोडायचं नाही, विश्वास मागून येतो.

पण त्याच्याही आधी स्वतःचं घर बघा. २०१२ च्या जुलैमधे अमेरिकेत ओक रिजच्या वाय-१२ या अण्वस्त्र केंद्रात तीन शांततावादी कार्यकर्ते रात्री कुंपणं कापत थेट समृद्ध (म्हणजे बॉम्बमधे वापरता येणाऱ्या) युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले, त्यात एक ८२ वर्षांच्या नन होत्या. सेन्सर, गार्ड, पैसा सगळं होतं, पण कॅमेरा नादुरुस्त होता आणि खोटे अलार्म इतके वाजायचे की कुणी मनावर घेत नव्हतं. म्हणून बंद कॅमेऱ्याची तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये, ज्युनियरला साहेबाला अडवता आलं पाहिजे, आणि गेटवर झडती साहेबाचीही झाली पाहिजे. हे नसेल तर शेजाऱ्याला काय दाखवणार?

मग शेजाऱ्याकडे वळा, आणि पहिलं पाऊल एकदम लहान ठेवा. आपलंच बघा ना, ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी इस्लामाबादला गेले होते तेव्हा एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार झाला, १९९१ मधे लागू झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादमधे एकाच वेळी केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. कारगिल झालं, २६/११ झालं, पुलवामा झालं, यादी चुकली नाही. तारीख ठरलेली असल्यामुळे दरवर्षी कुणाला नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. पण आपण तिथेच थांबलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे कसं जायचं ते अर्जेंटिना आणि ब्राझीलकडून शिका. दोघांचे जुने हेवेदावे, दोघांकडे लष्करी राजवट, दोघांचे गुपचूप चाललेले समृद्धीकरणाचे (युरेनियम इंधन किंवा बॉम्बलायक बनवायचे) प्रोग्राम, तरी १९८० मधे साधा सहकार्य करार केला. १९८३ मधे अर्जेंटिनाने समृद्धीकरण जमल्याचं जाहीर करण्याआधी ब्राझीलला कळवलं, १९८७ मधे ब्राझीलनेही तसंच केलं, म्हणजे बातमी पेपरातून कळू द्यायची नाही, आधी फोन करायचा. शिवाय राष्ट्राध्यक्षच एकमेकांच्या समृद्धीकरण केंद्रात गेले, ब्राझीलचे सार्नी अर्जेंटिनातल्या पिल्कानियेऊला, अर्जेंटिनाचे आल्फोन्सिन ब्राझीलमधल्या आरामारला. आणि १९९१ मधे दोघांनी मिळून एबीएसीसी ही अणुसामग्रीचा हिशेब तपासणारी संस्था काढली, ऑफिस रिओमधे, ब्राझीलचे तपासनीस अर्जेंटिनाची केंद्रं तपासतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलची, शिवाय व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही असतेच. याला अकरा वर्षं लागली, त्यामुळे पहिल्याच मीटिंगमधे तपासणीचा विषय काढू नका, समोरचा उठून जाईल.

आपल्याकडे सुरुवातीला भंगारावर काम करता येईल, कारण त्यात कुणाचंच लष्करी गुपित नाही. २०१० मधे दिल्ली विद्यापीठाचं जुनं यंत्र लिलावात निघालं, त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगारबाजारात फुटला आणि एक माणूस गेला. असं भंगार उद्या सीमेवरच्या नाक्यावर सापडलं तर कस्टमवाल्याने डिटेक्टर वाजल्यावर नेमकं काय करायचं, पलीकडच्या कुणाला फोन लावायचा, माल परत पाठवायचा की तिथेच वेगळा ठेवायचा, हे दोन पानांवर लिहून दोन्ही बाजूंनी वर्षातून एकदा एकत्र ड्रिल करायची. फोन नंबर माणसाचा नको, खुर्चीचा हवा, बदली झाली तरी चालला पाहिजे.

हे पाकिस्तानसोबत लगेच होणार नाही हे मान्य, पण बांगलादेशसोबत पाया आहे. रूपपूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी २०१८ मधे भारत, बांगलादेश आणि रशियाचा करार झाला आहे, तिथले इंजिनियर आपल्याकडे ट्रेनिंगला आलेत. हरयाणात जसौर खेडीला अणुऊर्जा सहकार्याचं केंद्रही आहे, तिथे इंजिनियरांसोबत दोन्हीकडचे गार्ड, कस्टमवाले आणि सीमेवरचे पोलीस एकाच बॅचमधे बसवायला हवेत.