सांगलीच्या आयर्विन पुलाचा रात्रीचा फोटो काढताय? या चुका टाळा

जेवणं आटोपून नऊ-साडेनऊला घाटावर जाणं, ही सगळ्यात मोठी चूक. तोवर आभाळ काळंकुट्ट झालेलं असतं. फोटोत दिव्यांचे पिवळे गोळे उरतात आणि पुलाच्या कमानी अंधारात विरून जातात.

सूर्य बुडायच्या आधीच ट्रायपॉड लावून बसा. मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत दिवे लागलेले असतात आणि पलीकडे सांगलवाडीच्या अंगाला आभाळ अजून गडद निळं असतं. तोच निळा उजेड कृष्णेच्या पाण्यावर उतरतो. १९२९ सालचा हा पूल तेवढ्या वेळात आभाळापासून सुटा, रेखीव दिसतो. मला तर रात्रीचा खरा फोटो त्या अर्ध्या तासातलाच वाटतो.

दुसरी चूक पुलावर उभं राहून काढण्याची. गाडी गेली की पुलाला कंप येतो आणि तो ट्रायपॉडमधून थेट कॅमेऱ्यात जातो. एकदा माझे सगळे फोटो असेच हलले होते. मोठे करून पाहिले, तर प्रत्येक दिव्याला बारीक शेपूट! तेव्हापासून मी घाटाच्या दगडी पायरीवरच पाय रोवतो. पुलावरूनच हवा असेल, तर दोन गाड्यांच्या मधली सामसूम गाठा. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, बंद ठेवलेलं बरं.

फोटो उजळ यावा म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० वर नेऊ नका, आभाळात दाणे येतात. आयएसओ १००, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ आणि शटर दहा ते वीस सेकंद उघडं, इथून सुरुवात करा. इतक्या वेळात लाटा पुसल्या जातात आणि दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात लांब, मऊ पट्ट्यांसारखी उतरतात. लाटांची नक्षी हवी असेल, तर मात्र वेळ कमी करून आयएसओ थोडा वाढवावाच लागतो. दिव्यांभोवतीचा भाग पांढराफटक पडला, तर एक्स्पोजर उतरवा. जळालेला दिवा नंतर परत येत नाही, सावली थोडीफार येते. म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा.

ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो. स्क्रीनवर लांबचा एखादा दिवा मोठा करून हाताने फोकस करा, आणि फिल्टर काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची भुतं चौकटीत भलतीकडे उमटतात.

थंडीत नदीकाठी लेन्सवर दव धरतं. फोटो अचानक धुरकट यायला लागले, तर सेटिंग बदलत बसण्याआधी काचेवर टॉर्च मारून बघा.