घेवड्याच्या बियांचा रंग बदलला, तर कारण कसे शोधावे

घरच्या घेवड्याच्या शेंगा सोलताना पेरलेल्यापेक्षा वेगळ्या रंगाचे दाणे निघाले, की शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या वाणावर लगेच ठपका ठेवला जातो. निदान त्या हंगामापुरता तरी हा ठपका चुकीचा असतो. बियांची रंगीत साल ही आईझाडाचाच भाग असल्यामुळे फुलावर परके पराग पडले, तरी त्या वर्षीच्या दाण्यांचा रंग त्यामुळे बदलत नाही. तो संकर पुढच्या हंगामात, त्या बीपासून वाढलेल्या झाडाच्या दाण्यांत दिसतो आणि खरी सरमिसळ त्याच्याही पुढच्या पिढीत होते. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेल यांच्या 1866 सालच्या निबंधात पांढऱ्या आणि जांभळट लाल फुलांच्या घेवड्यांचा संकर नोंदवला आहे. त्या संकरित झाडांच्या पुढच्या पिढीत फुललेल्या 31 झाडांपैकी एकालाच पांढरी फुले आली आणि बाकीच्यांत गडदपासून फिकटपर्यंत छटा होत्या.

म्हणून शेंगा एकत्र करू नयेत, कारण एकदा ढीग झाला की पुढे काहीच कळत नाही. प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवून तीवर झाडाचा क्रमांक आणि फुलांचा रंग लिहावा. मग फरक नेमका कुठे आहे ते पाहावे. एकाच शेंगेत काही दाणे फिकट किंवा हिरवट असतील, तर ते बहुधा पुरते पिकलेले नसतात. डाग असतील, तर भिजलेली शेंग किंवा बुरशी हे कारण असू शकते. दुरंगी वाणांत कधीकधी नक्षीची उलटापालट होते, म्हणजे गडद भाग फिकट आणि फिकट भाग गडद होतो. असे दाणे पेरल्यास बहुधा मूळची नक्षी परत येते. मात्र एका झाडाचे सगळेच दाणे निराळे आणि इतर झाडांचे नेहमीचे असतील, तर आदल्या हंगामातला संकर किंवा बियाण्यातली भेसळ यांचाच संशय घ्यावा.

साठवणीत रंग बदलणे हा वेगळा प्रकार आहे. सालीतील टॅनिनसारखी द्रव्ये हवा, उजेड, उष्णता आणि दमटपणा यांमुळे काळवंडतात, त्यामुळे जुना दाणा नव्यापेक्षा तपकिरी दिसतो. तुलना करायची तर एकाच हंगामातले दाणे घ्यावेत.

संशयित झाडाचे दहा-बारा दाणे पुढच्या हंगामात स्वतंत्र ओळीत लावावेत. सर्व झाडांना सारखेच दाणे आले, तर बहुधा ती भेसळ होती. झाडागणिक रंग वेगळा निघाला, तर संकर. साधा घेवडा बहुतांशी स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागांनी फळणारा, असल्याने दोन वाणांत काही मीटर अंतर सहसा पुरते, परंतु लाल फुलांचा मोठा वेलघेवडा मधमाश्यांमुळे सहज मिसळतो. त्याचे शुद्ध बी हवे असल्यास कळ्या उमलण्यापूर्वी त्यांवर बारीक जाळीची पिशवी बांधावी आणि फुले उमलल्यावर परागीभवन हाताने करावे.