जुनी अमेरिकन चांदी आणि हस्तिदंतावरील लघुचित्रे : संग्राहकांनी या चुका टाळाव्यात

जुनी अमेरिकन चांदी जमवू लागलेल्या माणसाची सर्वांत सामान्य चूक म्हणजे वस्तू हाती येताच ती उलटी करून ठसा शोधणे. ठसा पाहायचाच असतो, पण शेवटी, कारण इंग्लंडप्रमाणे चांदी तपासून सिंह, शहराचे चिन्ह आणि वर्षाचे अक्षर उमटवणारी देशव्यापी व्यवस्था अमेरिकेत कधीच उभी राहिली नाही. बॉल्टिमोरमध्ये १८१४ ते १८३० या काळात तपासनिसाचा ठसा सक्तीचा होता, तेवढा एक अपवाद सोडला तर कारागीर स्वतःचे नाव किंवा आद्याक्षरे उमटवत असे आणि शुद्धतेची हमी म्हणजे बाजारातील त्याची पत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी इंग्लिश ठशांशी मिळतीजुळती चिन्हे वापरली, त्यामुळे नुसता सिंह पाहून वस्तू इंग्लिश ठरवणारा फसतो.

ठशातील आकड्यांचे आणि शब्दांचेही तसेच आहे. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हा ठसा असलेले चमचे १८४७ सालचे नसतात आणि चांदीचेही नसतात. ते मुलाम्याच्या भांड्यांचे व्यापारचिन्ह असून पुढे शंभराहून अधिक वर्षे वापरात राहिले. याउलट ‘कॉइन’ हा शब्द पाहून पुष्कळजण वस्तू हलकी समजून बाजूला ठेवतात, वास्तविक ती हजारात सुमारे ९०० भाग शुद्ध चांदी असते. ९२५ भाग शुद्धतेचा ‘स्टर्लिंग’ हा शब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाला आणि चांदीची भांडी करणाऱ्या गोरम या अमेरिकन कंपनीने तर हे प्रमाण १८६८ मध्ये स्वीकारले. म्हणून अठराव्या शतकातील म्हणून पुढे केलेल्या चहादाणीवर तो शब्द असेल, तर पैसे देण्यापूर्वी थांबावे. बोस्टनचा अठराव्या शतकातील नामवंत चांदी-कारागीर पॉल रिव्हिअर याचा ठसा दिसला तर दुप्पट थांबावे, कारण त्याच्या नावाचे खोटे ठसे फार झाले आहेत.

ठशापेक्षा खरे बोलतो तो धातू. वस्तूवर तोंडाची वाफ सोडून पाहावी : वाफेचा पातळ थर बसताच एरवी न दिसणारी झाळीची रेघ क्षणभर उठून दिसते. एखाद्या मोडक्या चमच्यावरील अस्सल ठसा कापून दुसऱ्या भांड्याच्या तळाशी बसवलेला असेल, तर ठशाभोवतीची ती चौकट अशी सापडते. झाकणाच्या मोठ्या मद्यपात्रांना, म्हणजे टँकार्डना, एकोणिसाव्या शतकात मद्यविरोधी वातावरणात चोच जोडून पाण्याची सुरई करण्याची प्रथा होती आणि पुढे संग्राहकांची मागणी वाढल्यावर त्याच चोची काढून भोक बुजवले गेले. मुठीच्या नेमक्या समोरची बाजू आतून पाहावी. थिगळ तिथेच असते. कोरलेली आद्याक्षरे घासून काढलेली असतील तर त्या जागी पत्रा पातळ होतो आणि अंगठ्याने हलके दाबताच लवतो. अक्षरे नको म्हणून ती पुसून घेणे ही तर न सुधारता येणारी चूक आहे. त्रिकोणात कोरलेल्या तीन अक्षरांत वर आडनावाचे आणि खाली पतिपत्नीच्या नावांचे अक्षर असते, आणि वस्तूचे मूळ घर शोधण्याचा तोच धागा असतो.

कितीही पुसले तरी न जाणारा निळसर करडा डाग दिसला, तर तो मळ समजू नये. घडवताना भट्टीत मिश्रधातूतील तांब्यावर धरलेला तो थर आहे. तो यंत्रावर घासून घालवला की भांडे आरशासारखे चमकते, पण कडा बोथट होतात, कोरीवकाम बुजते आणि किंमतही घसरते. आपल्याकडची राख, रांगोळी किंवा टूथपेस्ट या चांदीला लावू नये, आणि अॅल्युमिनियमचा कागद व सोडा यांचा उपायही करू नये, कारण नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम ठेवलेली काळी छटा त्याने निघून जाते. पोकळ मुठीच्या सुऱ्या गरम पाण्यात बुडवल्यास आतील राळ सैल होते. चांदी रबरबँडने बांधणे, वर्तमानपत्रात गुंडाळणे आणि मीठदाणीत मीठ तसेच ठेवणे, हे तिन्ही टाळावे.

लघुचित्रांच्या बाबतीत चुका अधिक नाजूक आहेत, कारण चित्र म्हणजे हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर गोंदात कालवलेले जलरंग. काचेआड दिसणारा ठिपका ओल्या बोळ्याने टिपायला गेले की चेहराच निघून येतो. बुरशी वाटली तरी चौकट घरी उघडू नये. वस्तू कोरड्या, समशीतोष्ण जागी वेगळी ठेवून संवर्धकाकडे न्यावी. खिडकीजवळच्या उजेडात आधी लाल रंग उडतो, म्हणून आज फिकट दिसणारे अनेक चेहरे मुळात गुलाबी होते. पारखताना भिंगाखाली छपाईचे सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर ती रंगवलेली छापील प्रत होय. पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेले, ठळक सहीचे नेपोलियन किंवा वॉशिंग्टन बहुधा नंतरच्या शोभेच्या बाजाराचे असतात. चार्ल्स विल्सन पील किंवा एडवर्ड ग्रीन मालबोन या नामवंत अमेरिकन चित्रकारांच्या नावाला भुलून घेण्यापेक्षा अनामिक पण सुस्थितीतील चित्र घेणे मला केव्हाही योग्य वाटते. पाठीमागे आठवण म्हणून बसवलेली केसांची वेणी किंवा निळी काच ‘स्वच्छ’ करण्यासाठी काढू नये, कारण चित्र कोणासाठी झाले हे अनेकदा तिथेच कळते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी कायद्याची चूक तर मुळीच करू नये. हस्तिदंताच्या व्यापारावर २०१६ पासून कडक संघीय निर्बंध आहेत, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची सूट कागदपत्रांनिशी सिद्ध करावी लागते, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया यांचे स्वतंत्र कायदे आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताचा व्यापार बंद असल्यामुळे असे चित्र भेट म्हणून सामानात टाकून पुण्याला आणण्याचा विचारही करू नये. चांदी आणावी, तीही बिलासह आणि सीमाशुल्काची चौकशी करून.