नेझू श्राईनला अझेलिया बघायला जाताय? मग हे वाचा

टोक्योत एप्रिलमधे साकुरा (चेरीचा बहर) संपला की लोकांना वाटतं आता बघण्यासारखं काही उरलं नाही, पण खरी मजा नेझू श्राईनला असते. १७०६ साली पाचवा शोगुन (जपानचा लष्करी राज्यकर्ता) त्सुनायोशीने बांधून घेतलेलं देऊळ, मूळ इमारती अजून उभ्या आहेत, आणि शेजारच्या उतारावर साधारण ३००० अझेलियाची झुडपं, छाटून अगदी गोल लाडवासारखी केलेली. जवळपास १०० जाती आहेत आणि सगळ्या एकदम फुलत नाहीत, त्यामुळे महिन्याच्या मध्यानंतर गेलात तर जास्त रंग मिळतात.

टोक्योतच निशिकासाईला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर एकदम सोपं, तोझाई लाईनने ओतेमाचीला उतरा, चियोदा लाईन पकडा, तिसरं स्टेशन नेझू, तिथून ५-७ मिनिटं चालत. वीकेंडला प्रचंड गर्दी असते, शक्यतो वर्किंग डेला सकाळीच जा. देवळात फुकट, फुलांच्या बागेला सीझनमधे तिकीट, म्हणून सुट्टे येन जवळ ठेवाच.

दर्शनाला जाताना आधी तिथल्या पळीने हात धुवायचे, डावा मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, पळी तोंडाला लावायची नाही (आपल्याकडे तीर्थ घेतो ना, तसंच). पुढे नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागायचं, परत एकदा वाकायचं. ५ येनचं नाणं टाका, कारण जपानीत त्याचा उच्चार 'गो-एन', म्हणजे ऋणानुबंधासारखाच शब्द, मला फार आवडतं हे.

आणि हो, लाल तोरींची (देवळाच्या कमानींची) बुटकी रांग आहे त्यात फोटोसाठी वाट अडवून उभं राहू नका प्लीज, मागे आजीआजोबा खोळंबलेले असतात.