बोलायचा बोर्ड आणलाय? मग या चुका टाळा

माझ्या बहिणीचा मुलगा ८ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, तोंडाने शब्द येत नाहीत पण कळतं सगळं. बोलायचा बोर्ड म्हणून टॅबवर जेलो वापरतो, आयआयटी मुंबईत बनलेलं फुकट ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. आमच्या घरी झालेल्या चुकाच लिहिते, म्हणजे तुमची दोन वर्षं वाचतील.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परीक्षा घेत बसणं. गणेश चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची सजावट) बांधलेली, आणि येईल तो पाहुणा "नारळ दाखव बघू, केळं कुठंय?" पोरगं टॅब ढकलून द्यायचं, आम्हाला वाटलं ॲपच आवडत नाही. थेरपिस्ट ताईंनी एकच विचारलं, तुम्ही स्वतः दिवसात किती वेळा त्यावर बोट ठेवता? एकदाही नाही! अहो तान्ह्या बाळाशी वर्षभर बोलतो तेव्हा कुठे ते पहिला शब्द काढतं, मग याच्याशी याच्या पद्धतीने कोण बोलणार? आता जेवताना आम्हीच "अजून" दाबतो आणि भात वाढतो, पोट भरलं की "झालं" दाबतो. त्याने दाबलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

दुसरं, आपल्याला धीर नसतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की हा बोट उचलतो, हात थरथरतो, बोट बाजूच्या चित्रावर जातं, परत येतं... आणि तेवढ्यात आजी म्हणते "पोई हवी ना रे बाबा?" (पोई म्हणजे आमचा गोव्याचा गोल पाव.) संपलं. मनात १० आकडे मोजा, गप्प बसा, त्याच्या तोंडाकडे बघा. आणि हो, तयार चित्रात ब्रेड म्हणजे स्लाइस होता, तो याच्या ओळखीचाच नाही, म्हणून पोईचा फोटो काढून कागदी बोर्डावर चिकटवला. कागदी बोर्ड लॅमिनेट करून हवाच, पावसात लाईट गेली आणि टॅब बंद पडला तर पोराने मुकं बसायचं का?

चित्रांच्या जागा सारख्या बदलू नका, बोटाला जागा पाठ होते. फक्त पाणी, शू, भूक एवढंच ठेवू नका, "नको", "थांब", "राग आला" आधी ठेवा. मस्ती केली म्हणून टॅब काढून घेऊ नका.

हात धरून त्याच्याकडून टाईप करून घेणं तर अजिबात नको, त्यात शब्द हात धरणाऱ्याचेच उतरतात, अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने (तिथल्या स्पीच थेरपिस्टांची संघटना) २०१८ मध्ये याच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतलीय.

"बोर्ड दिला तर बोलायचा आळस करेल" असं नातेवाईक म्हणतील. २००६ मध्ये संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, बोर्डामुळे कुणाचं बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, बहुतेकांचं थोडं वाढलंच.

शाळेत आम्हाला टॅब दप्तरात ठेवायला सांगितला होता. तसं झालं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा, त्यात संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधनं धरलीत. आम्ही ते पान प्रिंट काढून बाईंना दिलं, आता टॅब बाकावर असतो.