प्रवासातील साध्या आणि स्वस्त खाणावळींचे परीक्षण कसे लिहावे

अनोळखी शहरात नुकताच उतरलेला, खांद्यावर सामान, हाताशी अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ आणि खिशात मोजके पैसे असलेला माणूस जेव्हा जवळच्या एखाद्या खाणावळीविषयीचे परीक्षण वाचू लागतो, तेव्हा त्याला काही साध्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हे ठिकाण आत्ता उघडे असेल का, इथे काय मागवावे, पोट भरायला किती खर्च येईल, किती वेळ थांबावे लागेल आणि इथले खाऊन पुढचा प्रवास सुखाने होईल का? बहुतेक परीक्षणे ‘अप्रतिम चव’, ‘एकदा तरी जावेच’ किंवा ‘चुकूनही जाऊ नका’ एवढ्यावरच थांबतात आणि यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यावर अन्याय होणार नाही, असे परीक्षण लिहिण्याची रीत येथे क्रमाने सांगितली आहे.

अन्यायाचा मुद्दा मी मुद्दाम सुरुवातीलाच काढला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी सिॲटल शहरातील उपाहारगृहांविषयी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असे आढळले, की ग्राहकांची परीक्षणे छापणाऱ्या ‘येल्प’ या संकेतस्थळावरील मानांकन एका ताऱ्याने वाढले तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, मोठ्या साखळ्यांच्या शाखांवर मात्र नाही. साखळीच्या शाखेत काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असते, तर एकट्या खाणावळीची ओळख परक्या माणसाला इतरांच्या लिखाणातूनच होते. त्यामुळे घाईत दिलेल्या एका ताऱ्याचे वजन तिच्यावर सर्वाधिक पडते.

पहिली पायरी : मोजपट्टी आधी ठरवा

आत जाण्यापूर्वीच ही जागा नेमके काय देऊ पाहते, हे स्वतःला विचारावे. कामावर जाणाऱ्यांना दहा मिनिटांत गरम खाणे देणे हा जिचा व्यवसाय आहे, तिच्याकडून शांत संगीत, रुंद खुर्च्या आणि आर्जवी वाढपी यांची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, आणि त्या नसल्याबद्दल गुण कापणे तर सरळसरळ चूक आहे. मिशलिन या टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० मध्ये मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ मध्ये उत्तम जेवणासाठी तारा देण्यास सुरुवात केली. माफक किमतीत चांगले जेवण देणाऱ्या जागांसाठी १९९७ पासून तिच्यात ‘बिब गुर्माँ’ हे निराळे चिन्ह आहे. मुळात तिचा तारा ताटातल्या अन्नासाठी असतो, बैठकीसाठी नसतो, आणि म्हणूनच २०१६ मध्ये सिंगापूरमधील दोन साध्या खाद्यगाळ्यांनाही तो मिळू शकला. स्वस्त म्हणून सगळे माफ करावे असा याचा अर्थ नाही. ताजेपणा, नीट शिजलेले अन्न, स्वच्छ हात आणि खरे बिल यांची अपेक्षा सर्वांत स्वस्त गाड्याकडूनही ठेवता येते आणि ठेवावी.

दुसरी पायरी : बसण्यापूर्वी पाहा

दारातून किंवा रांगेतून पाच मिनिटे शांतपणे पाहिले, तर पुढच्या अर्ध्या तासात कळणार नाही इतके कळते. गर्दी आहे की नाही यापेक्षा गर्दी कशाची आहे हे महत्त्वाचे असते. स्थानकासमोरची जागा केवळ मोक्याच्या ठिकाणामुळे भरलेली असू शकते. तिथले गिऱ्हाईक पुन्हा येणार नसते आणि मालकालाही ते माहीत असते. याउलट न मागताच ज्यांच्यासमोर त्यांचा नेहमीचा पदार्थ येतो, अशी माणसे जिथे दिसतात, तिथे खाणावळीचा खरा परीक्षक रोज हजर असतो. कोणता पदार्थ सर्वाधिक टेबलांवर दिसतो, शिजवलेले अन्न किती लवकर संपून नवे येते, सांगितल्यापासून समोर यायला किती वेळ लागतो, हे घड्याळ पाहून लक्षात ठेवावे. एका ताटावरून मत बनवायचे असेल तर ते ताट त्या जागेची ओळख असलेल्या पदार्थाचे हवे. यादीच्या तळाशी असलेला, क्वचित कुणी मागवणारा पदार्थ घेऊन सगळ्या खाणावळीचा निकाल लावू नये.

तिसरी पायरी : खाताना टिपून ठेवा

भूक हा परीक्षणातला सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार आहे. दिवसभर उपाशी राहून खाल्लेले पहिले चार घास कोणत्याही जागेला देवत्व बहाल करतात, तर प्रवासाने शिणलेले, अपुरी झोप आणि अपुरे पाणी मिळालेले शरीर चांगल्या अन्नालाही दाद देत नाही. शिवाय एकच चव सतत जिभेवर राहिली की तिची जाणीव बोथट होत जाते, म्हणून पहिल्या घासाची नोंद आणि ताट संपतानाची नोंद अशा दोन वेगवेगळ्या नोंदी ठेवाव्यात. पहिल्या घासाला खुमासदार वाटलेले तिखट किंवा तेल शेवटी नकोसे झाले असेल, तर ती माहिती वाचकाच्या फार कामाची असते. आपण किती भुकेले होतो, किती थकलो होतो, हेही स्वतःपुरते लिहून ठेवावे आणि मत ठरवताना त्याची वजावट करावी.

नोंदी चार शब्दांच्या असल्या तरी चालतात, पण त्या तिथेच व्हायला हव्यात. चार दिवसांच्या प्रवासात दहा ठिकाणी खाल्ल्यावर एका जागेची चटणी दुसऱ्या जागेच्या ताटात जाऊन बसते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तारीख, वार, वेळ, पदार्थाचे तिथे वापरले जाणारे नाव, किंमत आणि लागलेला वेळ एवढे टिपावे, आणि बिलाचे व दरफलकाचे छायाचित्र घ्यावे. पदार्थाचे स्थानिक नाव उच्चारासह लिहून घेतले, तर भाषा न जाणणारा पुढचा प्रवासी ते दाखवून किंवा म्हणून मागवू शकतो. ताटाचे छायाचित्र घेताना शेजारी जेवणाऱ्यांचे चेहरे येऊ देऊ नयेत आणि काम करणाऱ्यांचे छायाचित्र त्यांना विचारूनच घ्यावे.

चौथी पायरी : स्वच्छतेविषयी जे दिसले तेवढेच लिहा

परीक्षणातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. जुने टेबल, उडालेला रंग, टवके गेलेल्या थाळ्या आणि अरुंद जागा यांना अस्वच्छता म्हणण्याची सवय अनेकांना असते. ती गरिबीची किंवा जुनेपणाची चिन्हे आहेत, घाणीची नव्हेत. अन्न सुरक्षित आहे की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण सूचनांनुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, वाढण्यापूर्वी ते वाफाळते गरम असावे आणि शिजवताना ते आतपर्यंत ७० अंशांना पोहोचलेले असावे. ग्राहकाच्या हाती तापमापक नसतो, पण समोर शिजवून लगेच वाढलेले अन्न आणि उघड्या परातीत कोमट होत पडलेले अन्न यांतला फरक डोळ्यांना आणि जिभेला कळतो. त्यासोबत कच्चे आणि शिजलेले पदार्थ एकाच फळीवर, एकाच सुरीने कापले जात आहेत का, पैसे घेणारा हात न धुता अन्नाला लागतो का, भांडी वाहत्या पाण्यात धुतली जातात की एकाच बादलीत बुचकळली जातात आणि पिण्याचे पाणी कुठून येते, हे पाहावे. पाहिले ते लिहावे. स्वयंपाकघर दिसले नसेल तर ‘स्वयंपाकघर दिसले नाही’ असे लिहावे.

प्रवासात पोट बिघडले की दोष जवळजवळ नेहमी शेवटी जेवलो त्या जागेला दिला जातो, आणि तो अनेकदा चुकीचा असतो. स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या विषामुळे त्रास झाला तर तो अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतो. परंतु नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास, साल्मोनेलाला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत आणि कॅम्पिलोबॅक्टरला २ ते ५ दिवस लागतात. म्हणजे आज रात्री सुरू झालेल्या त्रासाचे मूळ परवाच्या ठिकाणी, वाटेत प्यायलेल्या पाण्यात किंवा सहप्रवाशाच्या हातातही असू शकते. ‘इथे खाल्ल्यामुळे मी आजारी पडलो’ हे वाक्य एखाद्या लहान खाणावळीचे दार कायमचे बंद करू शकते. एकत्र जेवलेल्या अनेकांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर लिहीत बसण्याआधी तेथील आरोग्य किंवा अन्नसुरक्षा खात्याला कळवावे. तपासणी करण्याचा अधिकार आणि साधने त्यांच्याकडे असतात. एकट्यालाच त्रास झाला आणि कारणाची खात्री नसेल, तर तो आरोप परीक्षणात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

पाचवी पायरी : खर्च पूर्ण सांगा

‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या खिशानुसार बदलतो, म्हणून तो आकड्याची जागा घेऊ शकत नाही. एका माणसाचे पोट भरायला एकूण किती पैसे लागले हे तेथील चलनात, तारखेसह लिहावे. पाणी, सोबतचे पदार्थ, कर, सेवाशुल्क यांचे पैसे वेगळे पडले का, फलकावरचा दर आणि बिलातला दर सारखा होता का, सुटे पैसेच लागतात की कार्ड चालते, हे सांगितल्यास वाचकाचा ऐन गल्ल्यावर होणारा गोंधळ टळतो. ताट दोघांना पुरते की एकालाही अपुरे पडते, हेही किमतीचाच भाग आहे.

सहावी पायरी : आपल्या मताची मर्यादा ओळखा

व्यावसायिक समीक्षक एकाच उपाहारगृहात अनेकदा जातात, वेगवेगळे पदार्थ घेतात आणि मगच लिहितात. लॉस एंजेलिस शहरातील लहान, परवडणाऱ्या खाद्यगृहांविषयी आयुष्यभर आस्थेने लिहिणारे जोनाथन गोल्ड यांना २००७ मध्ये समीक्षेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले उपाहारगृह-समीक्षक होते. साध्या जागेविषयीही त्याच गांभीर्याने लिहिता येते याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. प्रवाशाला मात्र पुन्हा जायला वेळ नसतो. शक्य असेल तर त्याच गावात दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी जावे, सोबत माणसे असतील तर प्रत्येकाने निराळा पदार्थ घ्यावा, आणि एवढेही जमले नाही तर ‘मंगळवारी दुपारी तीनला, एकदाच गेलो’ असे स्पष्ट लिहावे. या एका वाक्याने वाचकाला कळते, की जेवणाची वेळ टळून गेल्यावरचे हे चित्र आहे.

काही बिघडले असेल तर ते आधी तिथेच सांगावे. थंड आलेले ताट बदलून दिले गेले, की सांगणाऱ्यालाच उलट बोल ऐकावे लागले, यावरून त्या जागेचा स्वभाव कळतो, आणि परीक्षणात दोन्ही गोष्टी लिहिता येतात.

सातवी पायरी : प्रत्यक्ष लेखन

खाण्यानंतर काही तासांनी, पण शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत लिहायला बसावे. पहिल्या दोन-तीन वाक्यांत जागा काय आहे, कुठे आहे, काय खावे आणि किती खर्च येतो हे आले पाहिजे, कारण भुकेला वाचक त्यापुढे जाईलच असे नाही. पत्ता सापडत नसेल तर ठळक खूण सांगावी. त्यानंतर अन्नाचे वर्णन करताना विशेषणांऐवजी गुणधर्म लिहावेत. ‘चविष्ट’ म्हणण्याऐवजी आंबट किती, तिखट किती, कुरकुरीत की मऊ, तेल बोटांना लागते की नाही, हे सांगितले की वाचक आपल्या आवडीनुसार स्वतः ठरवू शकतो. आपल्याला एखादी चव मुळातच रुचत नसेल तर तसे कबूल करावे. परक्या प्रदेशातल्या पदार्थाला आपल्या घरच्या चवीशी ताडून ‘बरोबर नाही’ म्हणणे ही परीक्षणातली सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे.

बसायला जागा, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह, लहान मुले व वृद्ध यांना चढ-उतार, पदार्थांतील घटक विचारल्यावर नीट उत्तर मिळते का, अशा बाबी थोडक्यात द्याव्यात. ॲलर्जी असलेल्यांसाठी शेवटची बाब विशेष मोलाची आहे, परंतु स्वतः विचारून खात्री केल्याशिवाय ‘यात अमुक घटक नाही’ असे कधीही लिहू नये.

तारे द्यायचे असतील तर मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावेत. आधी तारे दिले की मन त्यांच्या समर्थनार्थ वाक्ये शोधू लागते.

आठवी पायरी : प्रामाणिकपणा आणि पाठपुरावा

फुकट मिळालेले जेवण, मालकाशी असलेली ओळख किंवा मिळालेली सवलत परीक्षणातच सांगावी, आणि चांगले लिहिण्याच्या अटीवर काहीही घेऊ नये. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये आले, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम केला. मी परीक्षण लिहिणार आहे, असे मालकाला आधी सांगणेही टाळावे. विशेष वागणूक मिळाली तर लिहिलेले पुढच्या ग्राहकाच्या वाट्याला येत नाही.

प्रसिद्ध केलेले परीक्षण तिथेच सोडून देऊ नये. लहान खाणावळींचे दर, वेळा आणि स्वयंपाकी मोठ्या उपाहारगृहांपेक्षा लवकर बदलतात. कुणी चूक दाखवून दिली, मालकाने उत्तर दिले किंवा पुन्हा त्या वाटेने जाणे झाले, तर जुना मजकूर न पुसता त्याखाली नव्या तारखेने दुरुस्ती लिहावी, आणि जागा बंद झाल्याचे कळले तर ती सूचना अगदी पहिल्या ओळीत घालावी.